जुनीं दप्तरें व आपल्या धर्मग्रामाच्या वह्या

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आम्हीं लिहावा, अशी इच्छा ज्युबिली-समितीनें व्यक्त केली, तेव्हां प्रथमदर्शनीं तें काम आम्हांस सोपें वाटलें. वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, मागील ज्युबिलीच्या वेळीं छापलेलें एक पातळसें पुस्तक आणि साक्रिस्तींतील कपाटांत ठेवलेल्या नोंदवह्या, एवढ्या सामग्रीवर चार पानांचा मजकूर सहज होईल, असें आम्ही धरून चाललों. परंतु लिहावयास बसलों तों प्रत्येक वाक्यापुढें 'हें कोणत्या आधारावर?' असा प्रश्न उभा राहूं लागला. म्हणून आम्ही पणजीस गेलों आणि तेथील दप्तरखान्यांत कांहीं दिवस बसून जुने कागद पाहिले. आपल्या धर्मग्रामासंबंधीं तेथें जें थोडें मिळालें तें या स्मरणिकेंत अन्यत्र दिलें आहे. येथें आम्ही लिहीत आहों तें त्या कागदांविषयींच. जुना कागद हातीं कसा धरावा, तो कसा वाचावा व त्याच्याकडून काय मागूं नये, हें आम्हीं उतारवयांत शिकलों; तें तरुणपणीं शिकलों असतों तर आपल्याच एका वहीचें एक पान आज शाबूत असतें. ती हकीकत पुढें येईल.

गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना इ. स. १५९५ मधील. त्या काळीं पोर्तुगालचा मुकुट स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या मस्तकीं होता. पूर्वेकडील राज्यकारभाराचीं पत्रें, सनदा, तहनामे हे सर्व इतस्ततः विखुरलेले असत. ते एके ठिकाणीं जमवून सांभाळण्यासाठीं दियोगो दो कोउतो नांवाच्या गृहस्थाची नेमणूक झाली. हा मूळचा शिपाईगडी, पण लेखणीचा व्यासंगी. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील पराक्रमांचा इतिहास त्यानें खंडशः लिहिला. दैवाचा खेळ असा कीं, दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या या पहिल्या दप्तरदाराचे स्वतःचे कागद मात्र सुरक्षित राहिले नाहींत. तो आजारी असतां त्याच्या इतिहासाच्या आठव्या व नवव्या खंडांची हस्तलिखितें चोरीस गेलीं. म्हातारपणीं त्यानें तो मजकूर संक्षेपानें पुन्हां लिहून काढला. आज आपण वाचतों तो हा संक्षेप होय.

या दप्तरखान्यांतील सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे 'मान्सूनचीं पुस्तकें'. नांव ऐकून हवामानाचा कांहीं ग्रंथ असावा असें वाटेल. पण तसें नाहीं. लिस्बनहून निघालेलीं जहाजें पावसाळी वाऱ्यांवर गोव्यास येत व वारा फिरला म्हणजे परत जात. त्यांच्याबरोबर वर्षांतून एकदां राजाचीं पत्रें येत आणि येथून उत्तरें जात. हीं पत्रें वर्षवार बांधून त्यांचीं पुस्तकें केलीं गेलीं. समुद्राचा भरंवसा नसे, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांवर पाठवीत. एक बुडालें तरी दुसरें पोंचावें हा हेतु. या सावधगिरीचें मोल पुढें कळून आलें. इ. स. १७५५ च्या नोव्हेंबरांत, सर्वसंतांच्या सणाच्या दिवशीं सकाळीं लिस्बनला मोठा भूकंप झाला आणि पूर्वेच्या व्यापाराचें काम पाहणाऱ्या 'कासा दा इंदिया'चें दप्तर नष्ट झालें. अशा वेळीं गोव्यांत राहिलेल्या कागदांना किती महत्त्व आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तथापि गोव्याचा संग्रहहि अभंग राहिला नाहीं. १७७७ सालीं या पुस्तकांपैकीं ६२ खंड लिस्बनला नेण्यांत आले व ते परत आले नाहींत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धासंबंधीं कांहीं शोधावयाचें असलें तर पणजींत बसून भागत नाहीं, तें यामुळें. त्या खंडांतील पत्रें १८८० पासून लिस्बनला छापलीं जाऊं लागलीं, एवढेंच समाधान.

या कागदांवर ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांपैकीं दोघांचीं नांवें घेतल्यावांचून राहवत नाहीं. एक जुआकिं हेलिओदोरु द कुन्य रिव्हारा. हे १८५५ सालीं सरकारचे मुख्य चिटणीस म्हणून पोर्तुगालहून गोव्यास आले आणि दोन वर्षांतच जुने कागद छापण्याचें प्रचंड काम त्यांनीं हातीं घेतलें. कोंकणी भाषेविषयीं त्यांना वाटणारा आदर आपल्याकडे सुपरिचित आहे. दुसरे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९). ते दीर्घकाल या दप्तरखान्याचे प्रमुख होते. पोर्तुगीज, मराठी व मोडी हीं तिन्ही अंगें त्यांच्या ठायीं एकत्र आल्यामुळें मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास त्यांना दोन्ही बाजूंनीं वाचतां आला. पोर्तुगीज दप्तर ही ख्रिस्ती लोकांची मिरास आणि पेशवे दप्तर ही हिंदूंची, असें मानणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांना पिसुर्लेकरांच्या ग्रंथांची नुसती यादी दाखविली तरी पुरे.

आतां त्या वाचनाच्या दालनाकडे येऊं. पहिल्या दिवशीं आमच्या खिशांतील शाईचें पेन दाराशींच काढून ठेवावें लागलें व हातीं एक शिसपेन्सिल आली. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला शाळेंतील पोराप्रमाणें पेन्सिल हातीं घ्यावी लागली, याची आम्हांस किंचित् लाज वाटली. परंतु कारण उघड आहे. पेन्सिलीचा चुकून पडलेला ओरखडा खोडरबरानें निघतो. शाईचा थेंब चारशें वर्षांच्या कागदावर पडला तर पुढील चारशें वर्षें तो तेथेंच राहतो. पाण्याचा पेला, चहा, केळें, विड्याचें पान यांना मज्जाव कां, हें वाळवी व कसर यांच्याशीं ज्यांची गांठ पडली आहे त्यांना सांगावयास नकोच.

पांढऱ्या हातमोज्यांसंबंधीं मात्र आमची समजूत चुकीची निघाली. चित्रांतून पाहिलेले विद्वान जुन्या पोथ्या पांढरे मोजे घालून उलटतात. तेव्हां आम्हींहि मोजे घेऊन गेलों होतों. तेथील जाणत्या माणसानें ते बाजूस ठेवावयास सांगितले. मोज्यांतील बोटाला पानाची कड कळत नाहीं, आणि कड न कळली म्हणजे पान फाटतें. त्यापेक्षां साबणानें धुवून पूर्ण कोरडे केलेले हात बरे. मोजे हवेत ते जुनीं छायाचित्रें हाताळतांना. कारण बोटांचा ओशटपणा छायाचित्राच्या पृष्ठावर कायमचा उमटतो. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची आपल्या सर्वांची संवय ही तर कागदाची वैरीण. पान वरच्या कोपऱ्याकडून, खालीं तळहाताचा आधार देऊन, सावकाश उलटावें. ओळ वाचतांना तीवर बोट फिरवूं नये. कोपर टेकूं नये. जुन्या बांधणीचें पुस्तक मेजावर सपाट उघडूं नये. त्याच्या दोन्ही बाजूंस उशा ठेवाव्यात, म्हणजे पाठीचा कणा मोडत नाहीं. पान मिटूं लागलें तर कापडांत शिवलेलें लांबट वजन त्यावर अलगद ठेवावें.

एक नियम असा आहे कीं तो बाहेरच्या माणसास हटवादी वाटतो: एका वेळीं एकच रुमाल उघडावयाचा आणि त्यांतील कागदांचा क्रम, उघड उघड चुकीचा दिसला तरी, बदलावयाचा नाहीं. आम्हांस एका बांधणींत तारखेनें मागचें पत्र पुढें लागलेलें दिसलें व तें सरळ करण्याचा मोह झाला. परंतु त्या काळच्या कारकुनानें तें तेथें कां लावलें, हें आपणांस ठाऊक नसतें. कदाचित् तें उत्तराबरोबर जोडून आलें असेल. कदाचित् त्याचाच उपयोग करून पुढला हुकूम निघाला असेल. कागद कोणत्या कागदांच्या शेजारीं सांपडला, ही देखील एक साक्षच असते, आणि ती लिहून ठेवलेली नसल्यामुळें मोडली कीं गेली. चूक वाटली तर दप्तरदाराला सांगावें. स्वतःच्या हातानें सुधारूं नये.

शाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीज कारकून जी शाई वापरीत ती मायफळाच्या काढ्यांत हिराकस घालून केलेली असे. ती कागदांत मुरते, पाण्यानें सहसा धुवून जात नाहीं. पण तिच्या अंगीं जें अम्ल असतें तें वर्षानुवर्षें कागद खात राहतें. कांहीं पानांवर अक्षरें होतीं तेथें आतां अक्षराच्याच आकाराचीं भोकें आहेत. पान उजेडासमोर धरलें तर जाळीसारखें दिसतें. उलट आपल्याकडील मोडी कागदांची शाई काजळाची. ती कागदाला इजा करीत नाहीं, दोनशें वर्षांनींहि काळीभोर दिसते. परंतु ती वर बसलेली असते, आंत मुरलेली नसते. म्हणून पावसाच्या गळतीचा एक ओघळ आला कीं मजकूर वाहून जातो. एकीचा शत्रु तिच्याच पोटांत, दुसरीचा आभाळांत. कोंकणपट्टींत दोहोंपासून सांभाळावें लागतें. शाई टिपण्यासाठीं टाकलेल्या रेतीचे कण अजून पानांच्या खांचेंत सांपडतात. ते फुंकून उडवूं नयेत, कारण फुंकरीबरोबर सुटलेलें अक्षरहि उडतें.

हाताळणें आलें म्हणजे वाचणें आलेंच, असें मात्र नाहीं. जुने पोर्तुगीज लेखक शब्द तोडून लिहीत व वर एक रेघ ओढीत. ख्रिस्ताचें पवित्र नांव ते ग्रीक अक्षरांच्या जुन्या संकेतानें आंखडून लिहीत. सेमिनरींत ग्रीक शिकूनहि आम्हीं एक संबंध सकाळ त्या अक्षरांना कोणा अपरिचित गृहस्थाचें नांव समजत होतों. त्या गृहस्थाचें नांव प्रत्येक पत्राच्या माथ्यावर कसें, याचें आश्चर्य करीत असतां एकाएकीं उलगडा झाला, तेव्हां आम्हांस आमचें हंसूं आवरेना.

तारखांचीहि अशीच गंमत आहे, आणि ती आपल्या वसईच्या इतिहासाशीं निगडित असल्यामुळें जरा विस्तारानें सांगतों. चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत पडला. पोर्तुगीज कागदांवरून तहाची तारीख १६ मे येते, तर कांहीं मराठी इतिहासग्रंथांत ती ५ मे दिलेली आढळते. किल्ला ताब्यांत आल्याची तारीख अशीच एकीकडे २३ व दुसरीकडे १२. आमच्या तरुणपणीं एका सभेंत यावरून दोन विद्वान हातघाईवर आल्याचें आम्हीं पाहिलें आहे. एकानें मराठी लेखकांना दोष दिला, दुसऱ्यानें पाद्री लोकांना. वस्तुतः दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं सुधारलेलें पंचांग पोर्तुगालनें १५८२ सालींच स्वीकारलें. इंग्रजांनीं मात्र १७५२ पर्यंत जुनेंच चालविलें, आणि त्या काळीं दोहोंत अकरा दिवसांचें अंतर पडत होतें. आपल्या इतिहासकारांपैकीं कांहींनीं त्या काळाच्या तारखा इंग्रजी जुन्या पद्धतीनें दिल्या, एवढाच काय तो घोटाळा. कागदाला खोटें ठरविण्यापूर्वीं तो कोणत्या पंचांगानें बोलतो हें विचारलें असतें, तर त्या दोन सज्जनांची मैत्री टिकली असती.

त्याच मोहिमेची दुसरी बाजू पेशवे दप्तरांत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दप्तरांतून निवडलेले कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. पोर्तुगीज पत्रें वाचून आपल्या लोकांच्या दुःखानें मन भरून येतें. मराठी पत्रें वाचलीं म्हणजे तटाखालीं पडलेल्या मराठे शिपायांच्याहि घरीं रडणारीं माणसें होतीं हें आठवतें. ख्रिस्ती व मराठी अशीं दोन्ही नांवें धारण करणाऱ्या आपणांस यांतील एकच दप्तर वाचून चालणार नाहीं. पोप तेरावे लिओ यांनीं १८८१ सालीं व्हॅटिकनचें दप्तर विद्वानांस खुलें केलें, आणि दोन वर्षांनीं काढलेल्या पत्रांत, खरें सांगण्यास इतिहासकारानें कचरूं नये, अशा आशयाचा उपदेश केला. चर्चला न मानवणारें कांहीं बाहेर येईल, या भीतीनें दारें बंद ठेवण्याचा सल्ला देणारे त्या वेळींहि होतेच.

दप्तराच्या मौनाविषयीं एक शब्द. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे सुपुत्र. १५९७ च्या फेब्रुवारींत नागासाकी येथें ते क्रुसावर हुतात्मे झाले व १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचें जन्मसाल कोठें १५५६ तर कोठें १५५७ असें छापलेलें आढळतें, आणि प्रतिवर्षीं कोणी ना कोणी आम्हांस विचारतो, 'फादर, त्यांची स्नानसंस्काराची नोंद कां शोधीत नाहीं?' पण नोंदवह्यांचा सार्वत्रिक नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें घातला, आणि तो १५६३ च्या नोव्हेंबरांत. तोंपर्यंत गोन्सालो सहासात वर्षांचे झाले होते. म्हणून येथें कागद सांपडला नाहीं यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाहीं. त्यांच्या जीवनाची साक्ष फ्रान्सिस्कन संघाचे कागद व हुतात्म्यांच्या चौकशीचे कागद यांत आहे, तेथें शोधावें.

याच्या अगदीं उलट प्रकार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा. हे इंग्रज येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं येथेंच निवर्तले. मराठीच्या थोरवीची ज्यांना एवढी जाण होती त्यांच्या हातचा हा ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ असा तीन वेळां छापला गेला. तरी त्या तिन्ही आवृत्तींपैकीं एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हातानें केलेल्या नकलांवर. मंगळूरकडील व गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या नकला पिढ्यान् पिढ्या वाचल्या, गाइल्या, पुन्हां उतरून काढल्या. त्यांच्या आधारें जोसेफ सालदाना यांनीं १९०७ सालीं मंगळूरास रोमी लिपींत तो छापला. इकडे एक देवनागरी पोथी विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत व तेथून पुढें प्राच्यविद्येच्या शाळेंत जाऊन पडली होती. तीच ख्रिस्तपुराणाची पोथी होय, हें १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं जाहीर केलें. म्हणजे ऐशीं-नव्वद वर्षें ती पोथी सुरक्षित होती, कोरडी होती, कपाटांत होती. मात्र ती काय आहे हें सांगणारा कोणी नव्हता. आमच्या मतें हेंहि हरवणेंच. कपाटाला कुलूप आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोणत्या फळीवर काय आहे याची यादी नसली तर कुलपाचा उपयोग अर्धाच.

असो. आतां आपल्या वह्यांकडे वळूं.

ट्रेंटनंतर १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें प्रत्येक धर्मग्रामांत स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यु यांच्या वह्या आणि धर्मग्रामांतील कुटुंबांची एक यादी ठेवण्यास सांगितलें. १९१७ व १९८३ च्या धर्मविधिसंहितांनीं तोच नियम पुढें चालविला. जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात असें १९८३ च्या संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे. स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासांत त्या माणसाचें दृढीकरण, विवाह हेंहि लिहावयाचें असतें. त्यामुळें एका ओळींत एका जन्माचा सांगाडा उभा राहतो. परंतु त्या ओळीहि युक्तीनेंच वाचाव्या लागतात. एकच मनुष्य लॅटिन नोंदींत 'जोआनेस', पोर्तुगीज नोंदींत 'जुआंव' व इंग्रजी नोंदींत 'जॉन' म्हणून येतो, घरीं त्याला चौथ्याच नांवानें हांक मारीत. आडनांवें तर थोडीं आणि माणसें पुष्कळ. म्हणून नांव जुळलें म्हणजे माणूस जुळला असें समजूं नये. आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता, आळी, हीं सर्व ताडून पाहावीं. कधीं अक्षरच अधिक बोलतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींतील आपल्या मृत्यु-वहीचीं पानें पाहिलीं तर एरवीं वळणदार लिहिणाऱ्या त्या धर्मगुरूंचें अक्षर घाईचें, तुटक होत गेलेलें दिसतें. एका दिवसाच्या खालीं दुसऱ्या दिवसाची तारीख घालावयास जागा सोडण्याचेंहि त्यांना सुचलेलें नाहीं.

आतां ती हकीकत. गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असतां आम्ही याच धर्मग्रामांत साहाय्यक म्हणून होतों. सर्वांत जुन्या स्नानसंस्कार-वहीचीं पानें कडेनें फाटूं लागलेलीं पाहून आम्हांस वाईट वाटलें. आम्हीं दुकानांतून पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि एका दुपारीं बसून तीं पानें मोठ्या काळजीनें चिकटवलीं. कोणी सांगितलें नव्हतें. उलट सर्वांनीं कौतुक केलें. पुढें आमची बदली झाली. सव्वीस वर्षांनीं या धर्मग्रामाचे प्रमुख होऊन आम्ही परत आलों, त्याच्या दुसऱ्याच महिन्यांत एक बाई आपल्या आजीची नोंद पाहावयास आल्या. वही उघडली. पट्टी तपकिरी पडली होती, कडांनीं सुटून वर आली होती, आणि येतांना तिनें कागदाचा वरचा पापुद्रा व त्यावरील शाई सोबत आणली होती. मुलीचें नांव वाचतां आलें. बापाचें आलें. आईच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें तेवढीं उरलीं होतीं.

त्या बाईंना नेमकें आईचेंच नांव हवें होतें. त्यांच्या घराण्यांत तें कोणास आठवत नव्हतें. आम्हीं विवाह-वही काढली, तर तेथें वधूच्या बापाचेंच नांव लिहिलेलें. मृत्यु-वहींत 'अमक्याची विधवा' एवढाच उल्लेख. त्या काळीं स्त्रियांचीं नांवें लिहितांना कारकुनांची व धर्मगुरूंची लेखणी जरा कंजुषी करीत असे. ज्या एका ठिकाणीं तें नांव पूर्ण लिहिलें होतें, तेथें आमची पट्टी बसली होती. आमच्या आधींच्या धर्मगुरूंनीं, पाऊस, वाळवी व वारा यांतून, तें पान इतकीं वर्षें आणून पोंचविलें होतें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. 'तुम्हीं चांगल्यासाठींच केलें, फादर,' एवढेंच त्या जातांना म्हणाल्या.

या वह्यांसंबंधीं आणखी एक गोष्ट आम्हांस वारंवार विचारली जाते, ती म्हणजे त्या सर्वांस मोकळेपणीं कां पाहूं देत नाहीं. उत्तर असें. कांहीं नोंदींत बापाच्या नांवाची जागा कोरी आहे; कांहींत कठोर शब्द आहेत, जे आज आम्ही लिहिणार नाहीं. त्या माणसांचीं नातवंडें आज आपल्याच बांकांवर बसतात. ज्याची नोंद त्याला किंवा त्याच्या वंशजाला ती दाखविणें हें आम्ही कर्तव्य समजतों, आणि त्या वेळीं कांहीं लपवूं नये असेंच आमचें मत आहे. परंतु शेजाऱ्याच्या आजीची नोंद शेजाऱ्यास दाखविणें हें संशोधन नव्हे. इतिहासासाठीं कोणी अभ्यासक आला तर आम्ही शेजारीं बसून वही दाखवितों आणि अलीकडच्या पिढ्यांच्या नोंदी उघडीत नाहीं. यावरून कोणी रागावले आहेत, रागावोत.

ज्यांच्या घरीं जुने कागद असतील, जमिनीचे दस्त, पत्रें, छायाचित्रें, नोवेनाच्या पोथ्या, त्यांनीं ते ज्युबिलीच्या प्रदर्शनासाठीं जरूर आणावेत. आणतांना दोन जाड पुठ्ठ्यांमध्यें सपाट ठेवून आणावेत. घडी घालूं नये, टांचणी टोंचूं नये, गोंद लावूं नये, प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधूं नये. छायाचित्राच्या मागें नांवें लिहावयाचीं असतील तर मऊ शिसपेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें लिहावीं. आणि लिहावींच, कारण ओळखणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. प्रत्येक वस्तूची पावती मिळेल व ज्युबिलीनंतरच्या आठवड्यांत ती परत केली जाईल.

सर्वांत जुनी स्नानसंस्कार-वही ज्युबिलीच्या रविवारीं मोठ्या मिस्सेनंतर सभागृहांत उशांवर उघडून ठेवण्यांत येईल. पानें आम्ही स्वतः उलटूं. हात धुण्यासाठीं नळ व कोरडा पंचा दाराशेजारीं आहे. पेन कृपया बाहेर ठेवावें. चिकटपट्टीचें तें पानहि ज्यांना पाहावयाचें असेल त्यांना दाखवूं. पट्टी अजून तशीच आहे. जाणत्या माणसाकडे वही नेईपर्यंत तिला हात लावूं नये, असें आम्हांस बजावण्यांत आलें आहे.